नमुना आठवरचं नाव

किल्लारी परिसरातल्या एका पुनर्वसित गावात मी ग्रामसेविका म्हणून रुजू झाले, त्या वर्षीची गोष्ट. ग्रामपंचायतीची घरपट्टी सप्टेंबरअखेर भरली की 5 टक्के सूट मिळते. म्हणून 30 सप्टेंबरला मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत पावतीपुस्तक घेऊन बसले. तरुण पोरं येऊन भरून गेली, पण म्हातारं माणूस एकही फिरकलं नाही. शेवटी शिपाईमामा हळूच म्हणाले, “बाई, आज त्यांची वाट बघू नका. ती जुन्या गावाकडं गेलीत.”

मी खाली मान घातली. 1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती बोळवून झोपलेली माणसं भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं पुढं नव्या जागी वसवावी लागली. ज्या तारखेला या माणसांची घरं गेली, त्याच तारखेला मी त्यांच्याकडं घराचा कर मागत बसले होते.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आधीच मी नमुना 8 चं, म्हणजे घरांच्या कर आकारणीचं, रजिस्टर काखेत मारलं आणि ओट्या-ओट्यावर जाऊन बसू लागले. पुनर्वसनात गावं ऐसपैस झाली, रस्ते रुंद झाले. पण गुडघे धरलेल्या माणसाला ग्रामपंचायत लांब पडली. पैसे मागायचे नाहीत, आधी बिल वाचून दाखवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. घरपट्टी किती, दिवाबत्ती किती, आरोग्य कर किती, पाणीपट्टी किती, मागची बाकी किती. बहुतेकांना ते कुणी कधी वाचूनच दाखवलं नव्हतं.

वाचता वाचता चुका सापडू लागल्या. पुनर्वसनात शेतजमिनीच्या प्रमाणात 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली होती. एका आजोबांचं घर 250 फुटांचं. पुढं त्यांनी शेळ्यांसाठी पत्र्याचं शेड टाकलं होतं. आमच्या यादीत ते शेडसुद्धा आरसीसी म्हणून चढलेलं. घरपट्टी आता भांडवली मूल्यावर लागते. जागेचा दर, बांधकामाचा प्रकार आणि घर जुनं होईल तसा घसारा, असा तो हिशेब असतो. प्रकार चुकला की सगळाच आकडा फुगतो. आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्यानं होते आणि तेव्हा हरकती मागवतात. आजोबांची हरकत मी त्यांच्याच ओट्यावर लिहून घेतली, शेड मोजलं आणि नोंद दुरुस्त झाली. तोवरची बाकी त्यांनी श्रावणबाळ योजनेच्या पगारातून थोडी थोडी करून फेडली.

एका माजी सैनिकाच्या पत्नी वर्षानुवर्षं वेळेवर कर भरत होत्या. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना राहत्या एका घराचा कर 2020 पासून माफ आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणून अर्ज केला, एवढ्यानं काम झालं.

सगळ्यात अवघड गेलं एका आजीचं. घर त्यांच्या मालकाच्या नावावर होतं. मालक जाऊन दहा वर्षं झाली, तरी बिल त्यांच्याच नावानं येई आणि आजी ते भरत. मी वारसनोंदीचं म्हटलं की त्या विषय बदलत. तिसऱ्या खेपेला मी अर्ज लिहायला घेतला, तशा म्हणाल्या, “काय लिव्हलालाव बाई? ह्यांचं नाव काढू नका. जुन्या गावात ह्यांचं काय बी राह्यलं नाही. ह्या पावतीवर तेवढं हाय.”

मी लेखणी ठेवली. मग नोंद कशी होते ते त्यांना वाचून दाखवलं. आपल्या मराठवाड्यात बाईच्या नावापुढं ‘भ्र.’ लिहितात, भ्रतार, आणि मग नवऱ्याचं नाव. आजींनी दोनदा विचारलं, “म्हंजी दोघांचं बी ऱ्हाईल?” राहील, म्हटलं. मग त्यांनी पेटीतून मृत्यूचा दाखला काढून दिला. पुण्याला असलेल्या मुलाची संमती घेतली, मासिक सभेत ठराव झाला. नव्या नावाची पहिली पावती मी स्वतः नेऊन दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. नाव कुठं आहे ते त्यांनी मला बोटानं दाखवायला लावलं आणि त्या जागेवर हात फिरवला.

वसुली पुढं आपोआप सुधारली, पण ती मी मोठी गोष्ट मानत नाही. कर चुकवणारी माणसं ही नव्हेत. सगळं गमावलेली ही माणसं घराचा कागद जिवापाड जपतात. त्या कागदावर काय लिहिलंय, हे त्यांना सांगणं आमचं काम होतं, आणि ते राहून गेलं होतं.

पुण्या-मुंबईला असलेल्या लेकरांना माझी एक विनंती आहे. दिवाळीला गावाकडं याल तेव्हा आईवडिलांच्या घराचा नमुना 8 मागून घ्या. नाव, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि बाकी, या चार गोष्टी त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं वाचा. चूक दिसली तर हरकतीचा अर्ज तुम्हीच लिहा. आणि कर भरायला 30 सप्टेंबरची वाट बघू नका. आमच्याकडं तो दिवस दुसऱ्या कामाचा आहे.