होऊन जाईल!

मोटार विकत घेणे हा आमच्या घराण्यातला प्रकार नव्हे. वडिलांनी स्कूटरसाठी १९७६ साली नाव नोंदवले आणि ती दारात आली १९८४ साली. मधल्या काळात त्यांचे लग्न झाले, मी झालो; पावती मात्र ट्रंकेत तशीच होती. त्या काळी बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबणारी माणसे होती. परवान्यात लिहिल्यापेक्षा जास्त गाड्या काढायची कारखान्यांनाच मुभा नसे. तेव्हा चिडायचे तरी कुणावर?

माझी गोष्ट निराळी. पैसे तयार, गाड्या रांगेत उभ्या, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा कर १८ टक्क्यांवर आलेला. आईचे गुडघे एस.टी.ची पायरी चढायला नाही म्हणू लागले होते. ‘दसऱ्याला तुला आपल्या मोटारीतून शेगावला नेतो,’ असे मी तिला सांगून बसलो!

दर्यापूरला मोटारीचे मोठे दुकान नाही, म्हणून अमरावती गाठली. शोरूममध्ये पाऊल टाकताच टाय लावलेला एक तरुण धावत आला आणि चक्क पाया पडला. माझाच विद्यार्थी, बी.ए.ला मराठी घेतलेला. म्हटले, काळजी मिटली.

पण त्या दुकानाची भाषा ऐकून माझ्यातला व्याकरणाचा मास्तर अस्वस्थ झाला. ‘गाडी पाठवली गेली आहे’, ‘सांगितलं गेलं आहे’, ‘काम होऊन जाईल’. कोणी पाठवली? कोण करणार? एकाही वाक्यात कर्ता म्हणून सापडेना. पंधरवड्यात मी अकरा फोन केले. अकराही वेळा ‘होऊन जाईल’. कर उतरला तशी सवलतही उतरली होती. हिशेबात ‘हँडलिंग चार्जेस’ म्हणून एक भली मोठी रक्कम होती. गाडी एवढी कोणी हाताळली, असे विचारले तर मॅनेजर म्हणाले, “सर, ते सिस्टीममध्येच असतं.” विमाही त्यांच्याकडूनच घ्या, असा लकडा. नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ-विमा २०१८ पासून सक्तीचा आहे खरा. पण तो कोणाकडून घ्यायचा, हे ठरवायचे ग्राहकाने. हे बोललो मात्र, मॅनेजरांचा चेहरा नापास झालेल्या मुलासारखा झाला. माझा विद्यार्थी तेवढा वेळ खाली बघत उभा.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी कागदांवर सह्या करायला बोलावणे आले. गाडी पुसूनपासून झकास उभी होती. विद्यार्थ्याने नोंदणीचा अर्ज, तो नमुना २०, पुढे केला. सहीची जागा खाली. त्याचे बोट मात्र वरच्या एका ओळीवर टेकलेले. ती ओळ होती उत्पादनाच्या महिन्याची आणि वर्षाची. ऑगस्ट २०२४.

“सर, हे गाडी नोका घेऊ,” तो ओठ न हलवता म्हणाला. “दोन पावसाळे यार्डात काढले तिनं.”

मॅनेजर म्हणाले, “गाडी नवीच आहे. मीटर बघा ना, फक्त अकरा किलोमीटर!” मग त्यांनी डोळे बारीक केले. “हे तुम्हाला कोणी दाखवलं?”

विद्यार्थी पेढ्यांचे तबक घेऊन शेजारीच होता. तबक किंचित हलत होते.

“वीस वर्षं उत्तरपत्रिका तपासतोय,” मी म्हणालो, “बारीक अक्षर दिसतं मला.”

दुसरी गाडी दिवाळीपर्यंत नाही, असे कळले. आगाऊ भरलेले अकरा हजार? तेही होऊन जाईल.

संध्याकाळच्या एस.टी.त जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. खिडकीबाहेर कपाशी फुटलेली दिसत होती, आणि मी आईला सांगायची वाक्ये जुळवत होतो. घरी आलो तर ओट्यावर नारळ, हळदकुंकू, झेंडूचा हार. आईने सगळे ऐकून घेतले. मोटारीबद्दल चकार शब्द काढला नाही.

“आन् त्या पोराची नवकरी तं नाही ना जाणार?” तिने विचारले.

त्याचा नंबर माझ्याकडे होता. शोरूमच्या वेळेत लावायचा धीर होईना. रात्री नऊपर्यंत मी ओट्यावर फोन हातात धरून बसलो होतो. नऊला लावला. घंटी वाजत राहिली.