फेराबाहेरचें गाणें

आश्विन शुद्ध प्रतिपदा आली कीं घाटकोपरांतील आमच्या घरापुढच्या अंगणांत पूर्वीं दोन फेर धरले जात. एका बाजूस गुजराती शेजाऱ्यांचा गरबा, दुसऱ्या बाजूस आमच्या घरच्या मुलींचा भोंडला. तिकडे मध्यें छिद्रें पाडलेला मातीचा घट व त्यांत तेवणारा दिवा. इकडे पाटावर काढलेला हस्त नक्षत्राचा हत्ती. 'गरबा' हा शब्द संस्कृत 'गर्भ' शब्दावरून आला असें सांगतात. घटाच्या गर्भांत दीप, म्हणून गरबा. दोन्हींकडे रीत एकच. मध्यें पूज्य वस्तु, भोंवतीं फेर, आणि गाणें तें फेरांतल्यांच्या पावलांसाठीं.

मुंबईंत असा फेर नाचविणाऱ्यांत फाल्गुनी पाठक यांचें नांव अग्रगण्य आहे. हें काम वाटतें तितकें सोपें नव्हे. ख्याल गाणारा डोळे मिटून गाऊं शकतो. गरबा गाणाऱ्यास नाचणाऱ्यांच्या पावलांवर सतत नजर ठेवावी लागते. सहा मात्रांचा हींच ताल संथपणें सुरू करून हळूहळू चढवीत न्यावयाचा, आणि एक गाणें संपतें न संपतें तोंच दुसरें त्यांत मिसळावयाचें. कारण ढोल थांबला कीं फेर मोडलाच.

याच बाईंनीं १९९८ सालीं 'याद पिया की आने लगी' हा हिंदी गीतांचा संग्रह काढला, आणि पुढच्याच वर्षीं 'मैंने पायल है छनकाई' हा दुसरा. तो काळच तसा होता. दूरचित्रवाणीवर गाण्यांच्या नव्या वाहिन्या आल्या होत्या, आणि चित्रपटाबाहेरचें हिंदी गाणेंही घरोघर पोहोंचूं शकतें हें अलीशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'नें १९९५ सालीं दाखवून दिलें होतें. या नव्या गाण्याचा आकार निराळा. चार-पांच मिनिटांत सर्व आटोपावयाचें, आणि त्याबरोबर पडद्यावर एक लहानशी प्रेमकथा दाखवावयाची. फेर नाहीं, मध्यें दिवा नाहीं. गाणें नाचणाऱ्यांपासून सुटून बसून पाहणाऱ्यांकडे गेलें.

आम्हांस हें रुचलें नाहीं. पहिल्या संग्रहाचें नांव वाचून बडे गुलाम अली खांसाहेबांची ठुमरी आठवली, आणि आमचा राग दुणावला. आमची मुलगी त्या वेळीं बारा वर्षांची होती. तिनें खाऊच्या पैशांतून ती कॅसेट आणली, तेव्हां आम्हीं ती कुलुपांत ठेवली आणि मास्तरकीच्या सवयीनें 'अभिरुचि' या विषयावर तिला पाऊण तास व्याख्यान दिलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. मात्र त्या वर्षीं ती भोंडल्यालाही उतरली नाहीं. दोन वर्षांत फेराला मुलीच उरल्या नाहींत, आणि आमच्या वहिनींनीं हत्तीचा पाट माळ्यावर टाकला. त्या पाटाची आठवण आम्हांस पुढें वीस-बावीस वर्षें झाली नाहीं.

मध्यंतरीं चित्रपटाबाहेरच्या गाण्याची ती लाट ओसरली. तिच्याबरोबर वर आलेले कित्येक गायक मागें पडले. फाल्गुनीबाई मात्र नवरात्राचा फेर सोडून गेल्याच नव्हत्या.

२०२२ च्या सप्टेंबरांत, ऐन नवरात्राच्या तोंडावर, नेहा कक्कर यांनीं 'मैंने पायल है छनकाई' हें गीत नव्या रूपांत गाइलें. मूळ गायिकेनें आपली नाराजी उघड बोलून दाखविली, आणि आमच्या मुलीच्या वयाच्या असंख्य श्रोत्यांस आपल्या घरची वस्तु कोणी हलविली असें वाटलें. ज्याला आम्ही चार दिवसांचा चाळा म्हणालों होतों, त्याचा तेवीस वर्षांत वारसा झाला होता.

महामारीमुळें दोन वर्षें बंद असलेला गरबा त्याच नवरात्रांत पुन्हा सुरू झाला. नातीच्या आग्रहास्तव आम्ही बोरिवलीच्या मैदानावर गेलों. बाई नेहमींच्या सदरा-पाटलोणींत व्यासपीठावर उभ्या होत्या. देवीचीं पदें झालीं, आणि मग ढोल न थांबतां तेंच 'पायल'चें गाणें सुरू झालें. आमची अपेक्षा होती कीं फेर मोडेल. तो मोडला नाहीं. उलट वर्तुळाच्या आंत आणखी एक वर्तुळ झालें. एका फेरांत आमची नात होती, आणि तिच्या पुढें तिची आई. फेराबाहेर गेलेलें गाणें फेरांत परत आलें होतें, आणि येतांना ज्यांना गुजराती अक्षर वाचतां येत नाहीं अशा शेंकडों मुलींना हाताला धरून घेऊन आलें होतें.

परततांना गाडींत मुलीला म्हणालों, "तुझी ती कॅसेट आम्हीं उगीच कुलुपांत ठेवली."

ती म्हणाली, "कॅसेटचं काय, अण्णा, ती मी मैत्रिणीकडे ऐकली. पण काकूंची गाणी मात्र तुम्ही मला कधी लिहून घ्यायला सांगितली नाहीत."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वहिनी २०१७ सालींच गेल्या. त्यांना भोंडल्याचीं तीसावर गाणीं येत असत. एकही कोठें उतरलेलें नाहीं. आम्हीं शाळेंत जन्मभर मुलांकडून सुभाषितें पाठ करून घेतलीं, आणि घरांत चाललेली ही पाठशाळा आम्हांस दिसली नाहीं. जुन्याचा घात नवें करतें असें म्हणून आम्ही पहारा देत होतों. फाल्गुनीबाईंनीं नवें गाइलें, पण म्हणून जुनें गाणें सोडलें नाहीं. आम्हीं नव्याला दाराबाहेर ठेवलें, पण जुनें स्वतःच्या तोंडीं कधींच घेतलें नाहीं.

गेल्या आश्विनांत पाट माळ्यावरून खालीं काढला. वाळवीनें एक कोपरा खाल्ला आहे. नातीनें खडूनें हत्ती काढला, आणि मुलगी, सून व आम्ही असे तिघे मिळून गाणीं आठवूं लागलों. पुरीं चार आठवलीं, पांचव्याचें अर्धें. ज्या वाचकभगिनींच्या घरीं अजून कोणी काकू, आत्या वा आजी आहेत, त्यांनीं आजच वही घेऊन त्यांच्याजवळ बसावें.