मुदतीत हरकत न आल्यास

पेपर हाती आला की मी आधी जाहीर नोटिसांचे पान काढतो. अकोल्यात छापून, घाट चढून पहाटे बुलढाण्यात पोचणाऱ्या दैनिकांत हे पान बहुधा बाजारभाव आणि निधनवार्ता यांच्या आसपास असते. अक्षर बारीक, ओळी दाटीवाटीच्या, भोवती काळी चौकट. पहिल्या पानावरची राजकीय बातमी दुपारपर्यंत शिळी होते. या चौकटीतला मजकूर मात्र सात किंवा पंधरा दिवस जिवंत असतो, कारण शेवटी एक मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत कुणाचे तरी वावर, कुणाचा तरी हिस्सा, कुणाचे तरी नाव पणाला लागलेले असते. आपल्या जिल्ह्याचे खरे चरित्र वाचायचे असेल तर या पानाइतका विश्वासू लेखक दुसरा नाही, असे मला वाटते.

नोटिशीचा साचा ठरलेला आहे. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा येथील गट नंबर अमुक ही शेतजमीन आमच्या अशिलांनी खरेदी करण्याचे ठरविले आहे. त्यानंतर येते चतुःसीमा. माझी नजर तिथे रेंगाळते. पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण रस्ता, दक्षिणेस गावची शीव आणि उत्तरेस लिहून देणाऱ्याच्या सख्ख्या भावाचे शेत. पुढे आणखी एक ओळ असते: विहिरीतील निम्म्या हिश्श्यासह आणि धुऱ्यावरील झाडांसह. एवढ्या चार ओळींत एक अख्खे घर उभे राहते. बापाने एकत्र कसलेले रान दोन भावांत वाटले गेले. वाटणीत जमीन तुटली, विहीर तुटू शकली नाही, म्हणून पाण्याच्या पाळ्या लागल्या. आता एक भाऊ आपला वाटा विकायला निघाला आहे आणि विकत घेणारा तिसराच कुणी आहे. लेकीचे लग्न, दवाखाना, पोराचे शिक्षण किंवा सलग बुडालेले दोन हंगाम, यांपैकी कुठले कारण असेल ते नोटीस सांगत नाही. पण कारण आहे, हे चतुःसीमा वाचणाऱ्याला कळते.

शेजारचे जाहिरातींचे पान हंगामाबरोबर कूस बदलते. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचे आणि पिकांचे भाकीत जाहीर होते आणि सगळे पेपर ते ठळक छापतात. त्याच्या मागोमाग बियाण्यांच्या जाहिराती येतात. 1976 साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या महाबीजपासून खासगी कंपन्यांपर्यंत सगळ्यांचे सोयाबीन आणि कपाशीचे वाण मृगाच्या तोंडावर पानभर डोलू लागतात. जुलैत पीक विम्याच्या मुदतीची सरकारी जाहिरात येते. खरिपासाठी ही तारीख बहुतेक वर्षी 31 जुलै असते आणि अखेरच्या दिवसांत सेतू केंद्रांवर रांगा लागतात. पोळा झाला की मळणीयंत्रे आणि दसरा-दिवाळीला ट्रॅक्टर. गावोगावची साप्ताहिके याच दिवसांत शुभेच्छांच्या जाहिरातींनी जाडजूड होतात, कारण त्या पैशावर त्यांना पुढचे कित्येक महिने काढायचे असतात. मग कापूस घरात येतो. खामगावच्या पेठेत तो पोचवण्यासाठी 1870 साली इंग्रजांनी जलंबपासून खास रेल्वेचा फाटा टाकला होता, इतकी या बाजाराची ओढ जुनी आहे. डिसेंबरअखेर खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर दुष्काळी सवलतींची आशा टांगलेली असते. मार्च उजाडला की वसुलीच्या नोटिसा सुरू होतात. ज्या ट्रॅक्टरची जाहिरात दसऱ्याला पाहिली, तसाच ट्रॅक्टर लिलावाच्या चौकटीत दिसतो आणि त्याच्याखाली कर्जदाराचे नाव, गाव, थकबाकी असे सगळे छापलेले असते.

बारा महिन्यांचे हे पान एकत्र पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जे विकायचे ते मोठ्या अक्षरात आहे आणि जे हातचे जाणार ते बारीक अक्षरात आहे. बोंडांनी लगडलेले झाड चार रंगांत येते. शेतकऱ्याच्या हक्काला लागलेली मुदत मात्र भिंग लावून वाचावी लागते. 2011 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन गावांत बीटी कपाशीने कशी भरभराट आणली, याचे रसभरित वर्णन एका मोठ्या इंग्रजी दैनिकात पानभर आले होते. तो मजकूर जाहिरात म्हणून छापलेला होता, आणि तोच त्याआधी 2008 साली बातमी म्हणून छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2012 मध्ये हे प्रकरण उजेडात आणले आणि त्या गावांतली खरी स्थिती मांडली. जाहिरात आणि बातमी यांच्यातला धुरा मोडला की नुकसान वाचणाऱ्याचे होते, आणि ज्याचा सगळा हंगाम बियाण्याच्या एका पिशवीवर अवलंबून आहे त्याचे सर्वांत जास्त.

आमच्या गल्लीत एक आबा आहेत. एके दिवशी ते पेपरचा चार घड्यांचा तुकडा घेऊन दारात आले. म्हणाले, “बाबू, हे पाय बरं, आपलं वावर तं नाई ना आलं याच्यात?” मेहकरच्या बाजारात कुणीतरी त्यांच्या कानावर घातले होते, तोवर नोटीस छापून आठवडा उलटला होता. मी गट नंबर वाचला. जमीन त्यांच्या धाकट्या भावाच्या वाट्याची होती, पण विहीर दोघांची सामाईक होती आणि नोटिशीत ती अख्खी दाखवलेली होती. आबांचा चेहरा उतरला. “मंग आमच्या पाळीचं कसं?” एवढेच ते बोलले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी वकिलाच्या पत्त्यावर लेखी हरकत दिली आणि पोच घेतली. बाजारात तो माणूस भेटलाच नसता तर पंधरा दिवस सरले असते, आणि आबांना काही म्हणायचे नव्हते असे गृहीत धरून कागद पुढे सरकले असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण गावात तिच्याविषयी मोठी भीती आहे. खरेदीदाराच्या वकिलाने पेपरात दिलेल्या नोटिशीला उत्तर दिले नाही, एवढ्यावरून कुणाचा मालकी हक्क मरत नाही. खरेदीदाराने आधी चौकशी केली होती, हे दाखवण्यासाठी ती नोटीस असते. पण पुढे वाद कोर्टात गेला की त्या काळ्या चौकटीला वजन येते. ‘तुम्ही तेव्हा गप्प का होतात?’ या प्रश्नाला उत्तर देताना अडाणी माणसाची जीभ अडखळते. त्या उत्तरासाठी वर्षानुवर्षे तारखा खाव्या लागतात, आणि तारखेला जाणे म्हणजे मजुरी बुडवणे.

पेपरच्या आधी दवंडी होती. कोतवाल डफ वाजवत गल्लीबोळांतून फिरे आणि साऱ्याची मुदत, लिलाव, पटकीची साथ, साहेबांचा दौरा हे सगळे ओरडून सांगे. ते काम जातीने ठरवलेल्या माणसांच्या माथी मारलेले होते, म्हणून त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. पण दवंडीत एक न्याय होता. ती ऐकायला अक्षरओळख लागत नसे. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या कानावरही ती पडे. भूसंपादनाच्या 1894 च्या कायद्याने सुरुवातीला राजपत्र आणि त्या परिसरातली प्रत्यक्ष सूचना एवढेच मागितले होते. दोन दैनिकांत प्रसिद्धी देण्याची अट 1984 च्या दुरुस्तीने आली. अट चांगलीच होती. दुर्दैवाने पेपरात दिले की गावात सांगितले, असा हिशेब कचेऱ्यांनी मांडला.

या हिशेबाची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पासाठी नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांना पिढीजात जमिनी सोडाव्या लागत आहेत. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला. त्या वर्षांत गटवार याद्या पेपरात येऊ लागल्या, तेव्हा पारावर पेपरची वाट पाहिली जाई. यादीतला एक आकडा चुकला, एका वारसाचे नाव राहिले, विहिरीची किंवा फळझाडांची नोंद गळली, तर मोबदल्यात फरक पडणार होता. 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याने हे आधीच ओळखले होते. पेपरातल्या प्रसिद्धीबरोबर ग्रामपंचायतीत स्थानिक भाषेत सूचना लावावी आणि खास सभा बोलावून ग्रामसभेला अधिसूचनेतला मजकूर सांगावा, असे त्याच्या अकराव्या कलमात लिहिलेले आहे. हरकतीसाठी साठ दिवस दिलेले आहेत. नुसते छापून भागत नाही, वाचून सांगावे लागते, हे कायद्याने मान्य केले. आता ते अंगी बाणायचे आहे ते आपल्या कचेऱ्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि आपणही.

सर्वांत जास्त काळजी मला वाटते ती सासरी गेलेल्या बहिणींची. महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. वडील गेल्यावर वारस नोंद होते, हक्कसोडीचे कागद होतात, जमीन विक्रीला निघते. नोटीस छापली जाते ती जमीन जिथे आहे तिथल्या पेपरात. देऊळगाव राजाची लेक जळगाव जामोदला दिलेली असते, नाहीतर सुरतेला किंवा पुण्याला धुणीभांडी करत असते. तिच्या घरी पेपर येत असला तरी त्यात तिच्या माहेरच्या गावाचे पान नसते. तमाम लोकांत तीही आहे, पण त्या चौकटीने तिला कधी हाक मारलेली नसते. ज्या भावाला बहिणीने समजून घ्यावे असे खरेच वाटते, तो फोन करतो. ज्याला वाटत नाही, त्याच्यासाठी ही नोटीस सोयीची आडोशाची जागा ठरते.

यावर उपाय फार अवघड नाहीत. जमिनीच्या फेरफाराची नोटीस चावडीवर लावावी, हितसंबंधितांना लेखी कळवावे आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे, हा 1966 च्या जमीन महसूल संहितेखालचा नियम आहे. त्याच नोटिसा आता ‘आपली चावडी’ या नावाने सरकारी संकेतस्थळावर गाववार दिसतात. सुरतेतल्या बहिणीलाही मोबाईलवर आपल्या माहेरचे गाव निवडून त्या पाहता येतात. हे प्रत्येक लेकीला लग्नाआधी शिकवायला हवे, जसे बँकेचे पासबुक वाचायला शिकवतो तसे. गावच्या वाचनालयाने आठवड्यातून एकदा आपल्या शिवारातल्या नोटिसा काढून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहाव्यात. देवळावरचा कर्णा कीर्तनाला आणि वाढदिवसाला वापरतो, तो गट नंबर सांगायलाही वापरावा. वकिलांनी पल्लेदार वाक्याच्या जागी चार सोपी वाक्ये लिहावीत: कोणती जमीन, कोण विकतो, कोण घेतो, हरकत कुठे आणि कधीपर्यंत द्यायची.

आणि पेपरवाल्यांनाही एक विनंती आहे. 1910 साली मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे पत्र सुरू केले आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते चालवले. शेतकऱ्याला जे कळले नाही तर तो नाडला जातो, ते त्याच्या बोलीत त्याच्यापर्यंत नेणे हेच पत्राचे काम, असे त्यांनी आयुष्यभराच्या कामातून दाखवून दिले. आजची छोटी पत्रे सरकारी नोटिसांच्या आणि वाढदिवसांच्या उत्पन्नावर तगून आहेत, हे मला ठाऊक आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ज्या चौकटीचे पैसे घेतले, ती वाचली जाईल एवढे मोठे अक्षर आणि गावाच्या नावाचे ठळक मथळे तिला द्यायला काय हरकत आहे? तालुकावार नोटिसांचा एक कोपरा रोज ठरलेल्या जागी आला, तर म्हातारा माणूसही तो बरोबर शोधील.

शेतकऱ्याला आपण अनेक प्रकारची मदत देऊ करतो, कर्जमाफी, अनुदान, विमा. ती हवीच आहे. पण आपल्या वावराविषयी काय ठरते आहे हे त्याला वेळेवर आणि त्याच्या भाषेत कळणे, हा त्याचा हक्क या सगळ्यांच्या आधी येतो. ज्याला कळलेच नाही त्याच्या गप्प राहण्याला होकार समजणे हा अन्याय आहे, मग तो कितीही कायदेशीर चौकटीत छापलेला असो. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. ज्याला वाचता येते त्याने ते बारीक अक्षरांचे पान रोज मोठ्याने वाचावे आणि ज्याचे नाव त्यात आहे त्याला त्याच दिवशी कळवावे. मुदत अजून बाकी असते.