रमजानमध्ये सुटते, मग शव्वालमध्ये का नाही?

दारू हराम आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच ज्या मुस्लिम घरात कुणी पिणारा असतो, त्या घरात दारूविषयी सर्वांत कमी बोलले जाते. मुलीचे स्थळ, जमातीतली इज्जत, मोहल्ल्यातली कुजबुज हे सगळे डोळ्यांसमोर येते आणि दार लावून घेतले जाते. उपचार मात्र त्याच दारातून आत यायचा असतो.

माझे थोरले भाऊ, आमचे भाईजान, कल्याणला राहतात. भिवंडीच्या एका गोदामात कामाला आहेत. चौदा वर्षे ते रोज पीत होते. हे मी त्यांच्या आणि भाभींच्या परवानगीने लिहिते आहे. कामावर दांडी झाली की भाभी शेठला फोन करून ‘ताप आहे’ सांगत. उधारी झाली की अम्मी एखादी बांगडी मोडत. मुलांना सांगितले जाई, ‘अब्बांचे डोके दुखते आहे.’

दरवर्षी रमजानचा चाँद दिसला की बाटली बंद व्हायची. तीस रोजे, तरावीह, सगळे नीट. ईदनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. त्यामुळे घरात एक वाक्य पक्के झाले होते : ‘मनात आणले तर सोडू शकतो, मुद्दाम करतो.’

हेच वाक्य घेऊन भाभी आणि मी ठाण्याला एका समुपदेशक बाईंकडे गेलो. भाईजान यायला तयार नव्हते. पिणाराच आला नाही तर काय उपयोग, असे भाभींना वाटत होते. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही आलात ना, मग काम सुरू झाले.’

त्यांनी पहिला प्रश्न वेगळाच विचारला. पहिल्या दोन-तीन रोज्यांत त्यांचे हात थरथरतात का? खूप घाम येतो का? झोप उडते, भास होतात, फिट येते? भाभी म्हणाल्या, हात तर इतके थरथरतात की इफ्तारचा पेला धरवत नाही. आम्ही ती रोज्याची कमजोरी समजत होतो.

ही गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. म्हणून अशा माणसाला शाबानमध्येच डॉक्टरांना दाखवावे. काही दिवस औषधे आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन शरीर सुखरूप बाहेर काढता येते. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलून कजा करण्याची सवलत तर कुरआननेच दिली आहे (2:185).

लोकलच्या डब्यात ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्या पुड्यांच्या वाटेला जाऊ नये. दारूवर उलटणारे डायसल्फिरॅम हे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. जेवणातून गुपचूप दिले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो.

मग बाई रमजानच्या कोड्याकडे वळल्या. रमजानमध्ये माणसाची संध्याकाळ भरलेली असते. इफ्तार, मगरिब, तरावीह, सोबतीला चांगली माणसे, आणि सगळा मोहल्ला त्याच लयीत. ईदनंतर ती चौकट निघून जाते. तेच गोदाम, तेच मित्र, घरी येण्याचा तोच रस्ता परत येतो. म्हणजे अकरा महिने तो मुद्दाम पितो, असा याचा अर्थ नाही. त्याच्या मनात सोडण्याची इच्छा आहे, आणि इच्छेला आधार लागतो, असा अर्थ आहे.

महिन्याभराने भाईजान स्वतः आले. बाईंनी उपदेश केला नाही. विचारले, ‘रमजानमध्ये संध्याकाळी सात ते दहा काय करता? तेव्हा घरात काय वेगळे असते?’ भाईजान बराच वेळ बोलले. शेवटी म्हणाले, ‘त्या महिन्यात धाकटी माझ्याजवळ येऊन बसते.’ सोडण्याचे कारण त्यांच्याच तोंडून आले होते. विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली पद्धत साधारण अशीच आहे. समुपदेशकाने वाद घालायचा नाही, बदलाची कारणे त्या माणसालाच बोलू द्यायची.

भाभींनाही काम मिळाले. शेठला खोटे सांगायचे नाही. दारूची उधारी फेडायची नाही, पण मुलांची फी आणि किराणा आधी बाजूला काढायचा. तो प्यालेला असताना भांडायचे नाही, जे बोलायचे ते सकाळी. आणि ज्या संध्याकाळी तो न पिता येईल, त्या संध्याकाळी टोमणा न मारता सोबत जेवायचे. पण घरात मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. त्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. नवऱ्याच्या आजारासाठी मार खात राहणे हे सब्र नव्हे.

मदत आपल्या आसपासच आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून उभे आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यातच आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण उभे केले, तिथे घरच्यांचेही समुपदेशन होते. ज्यांची अवस्था अजून गंभीर नाही, त्यांना छोटी मदतही पुरते. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांमधून एक अभ्यास झाला. जास्त पिणाऱ्या पुरुषांशी प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी जास्तीत जास्त चार वेळा बोलणे केले. तीन महिन्यांनी, आधीच्या 14 दिवसांत थेंबही न घेतलेले पुरुष त्या गटात 42 टक्के होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत 18 टक्के.

भाईजानना जास्त उपयोग झाला तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा. 1935 मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेली ही संघटना ठाणे, कल्याण, डोंबिवलीतही बैठका घेते. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, बोललेले बाहेर जात नाही. इज्जतीच्या भीतीने घरात कोंडलेल्या माणसाला आणखी काय हवे? काही बैठका चर्चच्या खोलीत भरतात म्हणून अम्मी बिचकल्या होत्या, पण ही संघटना कोणत्याही धर्माची नाही. ज्या शक्तीपुढे शरण जायचे तिला भाईजान अल्लाह म्हणतात, कुणी अडवत नाही. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आहे. भाभी तिथे जातात.

काहींना वाटेल, हरामला आजार म्हटले की गुन्हा हलका होतो. सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. एका सहाबीला पिण्यासाठी पुन्हा पुन्हा शिक्षा होत असे. एकदा कुणीतरी त्याच्यावर लानत पाठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला रोखले आणि सांगितले की, हा माणूस अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. दारू हलाल झाली नाही, शिक्षाही टळली नाही. पण माणूस जमातीबाहेर फेकला गेला नाही. दारूबंदीचा हुकूमही टप्प्याटप्प्याने उतरला (2:219, 4:43, 5:90). आज तो हुकूम पूर्ण आहे, त्यात सवलत नाही. सवय तोडायला माणसाला किती आधार लागतो, हे मात्र त्या क्रमातून कळते.

भाईजान चार वर्षांत दोनदा घसरले. दोन्ही वेळा भाभींनी शेठला खोटे सांगितले नाही, आणि दोन्ही वेळा ते स्वतःहून बैठकीला परत गेले. दुसऱ्या वेळेनंतर आता एकोणीस महिने झाले.

ज्यांच्या घरात हे चालू आहे, त्या भगिनींनी पिणारा तयार होण्याची वाट पाहू नये. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस 14416 या क्रमांकांवर आपण स्वतःही बोलू शकतो. आणि त्यांच्या घरात दरवर्षी रमजानला दारू बंद होत असेल, तर डॉक्टरांची भेट शाबानमध्येच ठरवावी.