भरलेल्या कॅसेटीचा माणूस

आमच्या लहानपणी अणदुरात अल्बम नावाची वस्तू नव्हती. होती ती भरलेली कॅसेट. दुकानदाराकडे एक जाडजूड वही असायची, तिच्यात गाणी ओळीनं लिहिलेली. आपण पेन्सिलीनं खुणा करायच्या, सी-साठ की सी-नव्वद ते सांगायचं, आणि दोन-चार दिवसांनी कॅसेट न्यायला जायचं. साठच्या एका बाजूला तीस मिनिटं. पाच गाणी नीट बसायची, सहावं कडव्याच्या मध्येच खट्‌कन तुटायचं. प्रल्हाद शिंदे, त्याच्या शेजारी किशोरकुमार आणि वडिलांचा आग्रह म्हणून भीमसेनांचा एखादा अभंग, अशी पंगत एकाच फितीवर बसायची. कुणाला काही खटकायचं नाही. सोलापूर-हैदराबाद रस्ता गावाला लागूनच, त्यामुळं ढाब्यांवर तेलुगू आणि कन्नड गाणीही वाजायची. आम्ही त्यातलीही दोन-चार चालीवर उचलली होती, अर्थ कळत नसताना.

आता मी मोबाईल दुरुस्त करतो. एका गिऱ्हाइकानं दुकानात एचएमव्हीचा फिएस्टा आणून ठेवला. पेटीसारखा बंद होणारा, उचलून नेता येणारा रेकॉर्ड प्लेअर. "आजोबांचा हाय. फिरतोय, पण बोलंना." मी उघडला. मोबाईलच्या बोर्डापुढं त्यातलं सर्किट म्हणजे मोकळं माळरान. सगळं तपासलं, सगळं चालू, तरी आवाज नाही. ओळखीतून सोलापूरच्या एका काकांचा नंबर मिळाला. त्यांनी यंत्र न बघताच सांगितलं, "सुई गेली असंल. रविवारी घेऊन ये. आणि त्यांच्याकडं रेकॉर्डी असतील तर त्या बी आण."

रविवारी गेलो तर काकांच्या हॉलमध्ये चार-पाच वयस्कर मंडळी आधीच बसलेली. भिंतभर कपाट, त्यात रेकॉर्डी पुस्तकांसारख्या उभ्या. एकावर एक रचल्या तर वजनानं वाकतात, हे मला पहिल्या पाच मिनिटांतच ऐकवण्यात आलं. बसतो न बसतो तोच एकानं विचारलं, "तुमचं काय?"

"काय म्हणजे?"

"काय जमवता?"

मी सुई बदलायला आलोय म्हणालो. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

त्यांच्यात एक बँकेतून निवृत्त झालेले. ते फक्त नाट्यसंगीत जमवतात, तेही चावीच्या फोनोवर वाजणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवरचंच. दुसऱ्यांना गायकाशी देणंघेणं नाही, त्यांना लेबल हवं: ओडियन, यंग इंडिया, एचएमव्ही. तिसरे एलपीची कव्हरं जमवतात आणि त्यांच्या घरी प्लेअरच नाही. हे ऐकून मला हसू आलं, पण बाकी कुणी हसलं नाही. बोलताना अर्धे शब्द आकड्यांत. 'ईसीएलपी' म्हणजे मोनो, 'ईसीएसडी' म्हणजे स्टिरिओ, लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला तो मॅट्रिक्स नंबर. मी मान डोलवत राहिलो.

गिऱ्हाइकाच्या रेकॉर्डीत एक लाखेची निघाली, धुळीनं पार पांढरी पडलेली. मी सवयीनं खिशातली आयपीएची बाटली काढली. आम्ही बोर्ड त्यानंच पुसतो. काकांनी माझा हात वरच्या वर धरला. "ए बाबा, ते लांब ठेव. स्पिरिटात लाख विरघळते. हिच्या अंगावर घातलंस तर गाणं पुसून जाईल." मग त्यांनी मऊ ब्रश किंचित ओला केला आणि खाचांच्या दिशेनं गोल गोल फिरवला, लेबलाला पाणी लागू न देता. फडक्यानं टिपलं, कडेला धरून उजेडात तिरकी करून पाहिली. तोवर मला ती नुसती काळी दिसत होती. तिरकी धरल्यावर खाचा कुठं दाट, कुठं विरळ ते दिसायला लागलं. "इथं तान आहे," बँकवाले बोट न लावता म्हणाले. गाणं डोळ्यांनी वाचणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ती वाजवायला त्यांनी भोंग्याचा फोनो काढला. चावी भरली, डबीतून पोलादी पिन काढून साउंडबॉक्सला लावली. एक बाजू वाजली की पिन टाकून द्यायची. तबकडीच्या लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, ती पिनेला झिजवून खाचेच्या मापाची करते. म्हणजे रेकॉर्ड पिनेला खाते, आणि जुनी पिन ठेवली की पिन रेकॉर्डला खाते. एलपीचं सगळं उलट. तिची खाच कितीतरी बारीक, सुई नीलमाची किंवा हिऱ्याची, आणि ती महिनोन्‌महिने चालते. आमच्या फिएस्टाची तीच गेली होती.

अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लागली. सुरुवातीला मला खरखरीशिवाय काही ऐकू येईना. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. मग खरखर कानाच्या कडेला सरकली आणि मधून तो आवाज आला, बारीक पण धारदार. तीन मिनिटांत खलास. आणि लगेच भांडण. एकजण म्हणाले, वेग चुकलाय, खाँसाहेब इतक्या वर गात नव्हते. मिनिटाला 78 फेरे हा नेम पुढं पक्का झाला. जुन्या काळी कुणी 76 वर मुद्रण करी, कुणी 80 च्या वर. वेग हलला की सूर हलतो. काकांनी पेटी ओढली, पट्टी दाबून दाबून फोनोचा खटका सरकवत बसले. अर्धा तास गेला. चहा गार झाला. पट्टीवर एकमत झालं नाही ते नाहीच.

या छंदाची एक संस्थाही आहे, हे मला तिथंच कळलं. 1990 साली मुंबईत सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधले शास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवलं. तिचं काम सोलापुरात होतं आणि तुळजापुरातसुद्धा. तुळजापूर म्हणजे आमचा तालुका! तहसीलच्या खेपांत मला तिथं रेकॉर्डीचं नखही दिसलं नव्हतं.

शेवटी मला टाळता न येणारा प्रश्न आलाच. आवडता अल्बम कोणता? मी घाबरून 'पिंजरा' म्हणालो. 1972 चा सिनेमा, राम कदमांचं संगीत, आमच्या भागात अजून प्रत्येक वरातीत वाजतो. त्यावर दोन तट पडले. सिनेमाची गाणी गोळा केली म्हणून तो अल्बम होतो का, असा एकांचा आक्षेप. मग 'शोले'ची संवादांची रेकॉर्ड काय, असं दुसऱ्यांचं उत्तर. पॉलिडॉरनं काढलेली ती रेकॉर्ड गावोगाव लोकांना पाठ होती. काका मध्ये पडले आणि त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली. 1967 ची. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, आणि ती घडवून आणणारे एचएमव्हीचे जी. एन. जोशी, म्हणजे आपले भावगीतवाले. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस. अहिर भैरवानं उजाडतो आणि पहाडीपर्यंत येतो. एक बाजू संपली, उठून उलटी केली, दुसरी संपली. मला खरं कोडं तिथं उलगडलं: ह्यातलं एखादं गाणं वहीत खूण करून भरून घेता येणार नाही. घ्यायचं तर सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं. तरीही, माझं मत विचाराल तर, मला ती तीन मिनिटांची तबकडीच जास्त चावली. खाँसाहेबांना थांबायला जागाच नव्हती.

लेबलवाल्यांनी मग त्यांचं रत्न काढलं: बीटल्सची गाणी, 78 फेऱ्यांच्या तबकडीवर, भारतात छापलेली. विलायतेत तोवर 78 च्या तबकड्या बंद पडल्या होत्या. आपल्याकडं खेड्यांत वीज नव्हती, घराघरांत चावीचेच फोनो, म्हणून कंपनी साठच्या दशकातही त्या काढत राहिली. आज जगभरचे बीटल्सवेडे त्यासाठी वाटेल ते मोजतात. आमच्या अंधाराची अशी किंमत येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नसेल.

निघताना मी धीर करून विचारलं, वाघ्या-मुरळीच्या कॅसेटी कोण जमवतं? अणदूरचा खंडोबा वर्षातले पावणेदोन महिने नळदुर्गला असतो. तिथल्या पौष पौर्णिमेच्या यात्रेत फडक्यावर कॅसेटी मांडलेल्या असायच्या, झेरॉक्स काढलेलं कव्हर, कंपनी कुठली ते देवाला ठाऊक. हॉलमध्ये कुणी काही बोलेना. "का बे, तूच जमव की," काका म्हणाले. "तुझ्याकडं दुकान हाय, लोकं जुनं भंगार आणून टाकत्यात."

तर आता काउंटरखाली एक खोकं आहे. बुरशी धरलेल्या फिती, तुटलेले दाब-पॅड, स्क्रू नसलेली घरं. एकावरही नाव नाही, साल नाही, नंबर नाही. काकांना फोन केला. ते म्हणाले, शेवटचं कडवं ऐक. पहिल्या जमान्यात गौहरजान गाणं संपवून स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जात आणि तिथल्या माणसाला कळायला हवं की ही कोणाची. आमचे वाघेही शेवटच्या कडव्यात नाव-गाव गुंफतात. त्या खुणेवर मी काही ओळखल्या आहेत. पण बऱ्याचशा सी-साठच्या आहेत, आणि नेमकं शेवटचं कडवं यायच्या आत फीत संपते.