तीन ताप, तीन दवाखाने

घाटकोपरच्या आमच्या गल्लीत त्या जुलैमध्ये आठवडाभरात तिघे तापाने पडले. एक जण नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेला, दुसरा हायवेपलीकडच्या, तिसरे कामावरून येताना स्टेशनजवळच्या दवाखान्यात. प्रत्येक डॉक्टरने एक ताप पाहिला. तीन ताप एकत्र कुणीच पाहिले नाहीत.

तिसरे म्हणजे आमच्या शेजारचे काका. कंत्राटी सफाई कामगार. दहा दिवसांपूर्वी पाणी तुंबलं तेव्हा दिवसभर नाल्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पोटऱ्या दुखत होत्या, डोळे लाल होते. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी थांबली. मोठ्या हॉस्पिटलात लेप्टो निघाला. काका परत आले नाहीत. त्यानंतर मात्र गल्लीत फवारणीवाले आले, गोळ्या वाटणारे आले. अशा पाण्यातून चाललेल्याने २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जाऊन प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. नाल्यात उतरवणाऱ्या कंत्राटदाराने ते काकांना सांगितलं नव्हतं.

सरकारकडे यंत्रणाच नाही, असं मला तेव्हा वाटायचं. ते चूक होतं. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. संशयित रुग्ण, डॉक्टरने निदान केलेले आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले अशा तीन वेगळ्या नोंदी त्यात होतात. एखाद्या भागात नेहमीपेक्षा ताप वाढला की धोका ओळखायचा, पथक पाठवायचं, ही त्याची रीत. पण नोंद होते ती तिथवर पोहोचलेल्याची. महापालिकेचा दवाखाना सकाळी रांगेत उभं राहायला लावतो. रोजंदारी बुडवून कोण उभं राहणार? आपली माणसं रात्री उघड्या असणाऱ्या खासगी डॉक्टरकडे जातात आणि तिथला ताप बहुतेक वेळा तिथेच राहतो.

जुलै २०२० चा सेरो सर्व्हे आठवा. माटुंगा, चेंबूर आणि दहिसरकडच्या तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने घेतले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये कोरोनाच्या अँटिबॉडी सापडल्या, सोसायट्यांत १६ टक्के. तेव्हा अख्ख्या शहराची नोंदलेली रुग्णसंख्या लाखाच्या थोडी वर होती. म्हणजे वस्त्यांमधून आजार फिरून गेला आणि रोजच्या आकड्यांना तो दिसलाच नाही. गोवंडीतही २०२२ च्या ऑक्टोबरअखेर मुलं दगावली तेव्हा गोवराकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. मग घरोघर तपासणी झाली, केंद्राचं पथक आलं. कोरोनाकाळात कोणाच्या लसी चुकल्या, हा हिशेब त्याआधी करता आला असता.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, सर्वेक्षण म्हणजे वस्तीवर पाळत. ही भीती हवेतली नाही. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत घरात शिरून माणसं उचलली गेली, सामान जाळलं गेलं. त्याच प्लेगनंतर उभ्या राहिलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळमधल्या चाळीत पुढे बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले, हे किती जणांना माहीत असतं? आणि त्याच साथीत सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातून आजारी मुलाला उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. आजारी कोण आणि कुठे आहे, हे त्यांनाही आधी शोधावंच लागलं असेल. मोजणं वाईट नाही. मोजून झाल्यावर दंडुका येतो की औषध, यावर भांडायला हवं. आणि आपण मोजलेच गेलो नाही, तर कशाच्या जोरावर भांडणार?

म्हणून विहारात दर रविवारी वंदनेनंतर एक वही उघडते. दोन मुली गल्लीवार विचारतात: ताप, जुलाब, पुरळ, कावीळ. नाव लिहीत नाही, फक्त गल्ली, वय आणि तारीख. एका आजींनी दार लावून घेतलं. वस्तीत रोग आहे म्हटलं की भाडेकरू पळतात, म्हणाल्या. त्यांचंही खोटं नाही. मागच्या ऑगस्टमध्ये एकाच बोळात चार दिवसांत पाच ताप दिसले. वही घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सेविकाताईंनी पानाचा फोटो काढला, दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला माणसं आली. दोघांना मलेरिया निघाला. पाचही जण बरे आहेत.

नाक्यावरचे डॉक्टर अजून आकडा द्यायला तयार नाहीत. नाव नको, फक्त आठवड्याला किती ताप ते सांगा, एवढंच म्हणतोय. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.