बफेलो बिलचं गाव

यलोस्टोन उद्यानात पूर्वेच्या बाजूने शिरायचं तर आधी कोडी लागतं. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातलं, दहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. मुलाच्या दृष्टीने ती फक्त मुक्कामाची जागा होती. मला कुतूहल होतं ते ज्याचं नाव गावाला आहे त्या माणसाचं. विल्यम कोडी, ऊर्फ बफेलो बिल.

माणूस खरोखरच धाडसी. रेल्वेच्या मजुरांना मांस पुरवण्यासाठी त्याने बायसन मारले (तिकडे त्यांनाच बफेलो म्हणतात). आकडा त्याने स्वतःच लिहून ठेवलाय, ४,२८०. मग सैन्याचा वाटाड्या झाला. दरम्यान तो नाटकांतही कामं करू लागला होता, आणि इथून पुढे खरं कुठे संपतं नि खेळ कुठे सुरू होतो ते सांगणं अवघड. १८७६ साली एका चकमकीत त्याने यलो हेअर नावाच्या शायेन योद्ध्याला मारलं आणि त्याच्या डोक्याची कातडी सोलून घेतली. त्या दिवशी बिलच्या अंगावर रंगमंचावरचा मखमली पोशाख होता. वर्ष संपायच्या आत तोच प्रसंग तो तिकीट लावून करून दाखवत होता. ते कपडे मला त्या ४,२८० पेक्षा जास्त अस्वस्थ करतात.

१८८३ मध्ये त्याचा ‘वाइल्ड वेस्ट’ सुरू झाला. घोडदौड, नेमबाजी, टपालगाडीवरचा हल्ला. (आपल्या विष्णुपंत छत्र्यांची सर्कसही याच सुमाराची.) १८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीनेही तो पाहिला.

कोडी गाव वसलं १८९६ मध्ये. म्हणजे खेळ आधी आणि गाव तेरा वर्षांनी. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे भर रस्त्यात खोट्या पिस्तुलांची चकमक होते, लोक खुर्च्या टाकून बघतात. मुलगा म्हणाला, “आई, जुनी परंपरा जपलीय.” जपलीय खरी, पण ती तंबूतली!

गंमत म्हणजे बिलला इथे शेती पिकवायची होती. कालवे काढायचे, शेतकरी वसवायचे. त्याच्या कंपनीला ते पेललं नाही, पैसा बुडाला. पुढे सरकारने धरण बांधलं. १९१० मध्ये पुरं झालं तेव्हा ते जगात सर्वांत उंच होतं, आणि आज त्यालाही बिलचंच नाव आहे. टिकलं ते पाहुण्यांना बोलावण्याचं काम. इथल्या नदीचं नाव होतं ‘घाणेरडं पाणी’, गरम झऱ्यांतल्या गंधकाच्या वासामुळे. असल्या नावाच्या नदीकाठी कोण येईल? तिचं नाव बदलून शोशोनी केलं. १९०१ मध्ये रेल्वे आली, १९०२ मध्ये बिलने मुलीच्या नावाने ‘इर्मा’ हॉटेल उघडलं आणि उद्यानाच्या वाटेवर विश्रामगृहं बांधली. इर्मातला चेरीच्या लाकडाचा नक्षीदार बार राणी व्हिक्टोरियाने भेट दिला, असं सांगतात. हॉटेल उघडलं तेव्हा राणीला जाऊन जवळपास दोन वर्षं झाली होती. फोटो मात्र सगळेच काढतात.

मी अडकले ती दुसऱ्याच गोष्टीत. ‘वाइल्ड वेस्ट’मध्ये लाकोटा लोक पगारावर काम करायचे, रोज खोटं हरायचे. १८८५ साली खुद्द सिटिंग बुल चार महिने बिलबरोबर होता. करार आठवड्याला पन्नास डॉलरचा, आणि त्यात एक कलम असं की आपले फोटो आणि सह्या विकायचा हक्क त्याचा स्वतःचा. डिसेंबर १८९० मध्ये त्याला अटक करताना पोलिसांनी गोळी घातली. दोन आठवड्यांनी वुंडेड नीचं हत्याकांड झालं. त्यानंतर कैदेत टाकलेल्या लाकोटांपैकी काहींना सरकारने बिलच्या हवाली केलं; तुरुंगाऐवजी युरोपचा दौरा. ज्या नाचांसाठी राखीव प्रदेशात शिक्षा होई, तसलेच नाच तंबूत तिकिटावर चालत. याला आसरा म्हणायचं की विटंबना? मला दोन्ही म्हणावंसं वाटतं. भोपाळच्या आसपासच्या रिसॉर्टांत जेवणाआधी आदिवासी नाच असतो, तिथेही मी हाच हिशेब करत बसते : नाचणाऱ्याच्या हातात किती पडतं, आणि फोटो कुणाच्या मालकीचा. सिटिंग बुलला ते १८८५ मध्ये कळलं होतं.

बिल १९१७ साली डेन्व्हरमध्ये वारला. कोडीजवळच्या सीडर डोंगरावर पुरावं असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं, पण त्याला डेन्व्हरजवळच्या लुकआउट डोंगरावर पुरलं. कोडीकरांना वाटतं, डेन्व्हरवाल्यांनी पाहुण्यांसाठी प्रेतच पळवलं. १९४८ मध्ये कोडीतल्या माजी सैनिकांनी ते परत आणणाऱ्याला बक्षीस लावलं, तेव्हा डेन्व्हरवाल्यांनी कबरीवर पहारा बसवला.

आमच्या मॉटेलचे मालक सुरतेकडचे होते. हिंदी ऐकून खुलले. निघताना हिशेब करता करता त्यांनी खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवलं आणि आवाज उतरवून सांगितलं, डेन्व्हरच्या कबरीत दुसराच कुणी आहे. खऱ्या बिलला गाववाल्यांनी रातोरात इथे आणून पुरलंय.

“तुम्ही किती वर्षं आहात इथे, भाई?” मी विचारलं.

“अकरा,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी तीन रात्री रहा, वरपर्यंत गाडी जाते.”